खालच्या ओळीतला माणूस

जुन्या मराठी पुस्तकाचं शेवटचं नाहीतर दुसरं पान उघडा. सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ सापडेल: अमुक यांनी हे पुस्तक तमुक मुद्रणालयात, अमुक गल्लीत, अमुक गावी छापले आणि फलाणे यांनी तिथेच प्रसिद्ध केले. वाचणाऱ्याचं त्या ओळीवाचून काही अडत नसे. पण भातकुलीहून एसटीनं अमरावतीला जाऊन शंभर-दीडशे पानांची चोपडी छापून आणणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी सगळ्यात वजनदार माणूस त्या ओळीत राहायचा. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव मोठं, कायद्याच्या वहीत मात्र छापखानेवाल्याचं.

या ओळीमागे 1867 चा कायदा होता, छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा. सत्तावन्नच्या धामधुमीला दहा वर्षं झालेली. कोण काय छापतो याची खबर सरकारला हवी होती. म्हणून छापखाना टाकणाऱ्यानं मॅजिस्ट्रेटपुढं जाऊन प्रतिज्ञापत्र करायचं आणि छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर आपलं नाव-गाव घालायचं. पुढं 1910 च्या प्रेस कायद्यानं छापखानेवाल्यांकडून रोख जामीन मागायला सुरुवात केली. मजकूर सरकारला खटकला की जामीन जप्त. तो कायदा 1922 साली गेला, इंग्रजही गेले, पण छापखानेवाल्यांच्या रक्तातली धास्ती काही गेली नाही. बापाकडून पोराकडं ट्रेडल मशीन आलं, त्याबरोबर तीही आली.

अमरावतीत माझं पहिलं पुस्तक ज्यांनी छापलं त्यांना आम्ही सगळे काकाजी म्हणायचो. राजकमल चौकाकडून आत वळलं की एका बोळात त्यांचा छापखाना. दारातच शाईचा आणि रॉकेलचा वास. खिळे धुवायला रॉकेल लागायचं. आत कंपोझिटर उभ्यानं खिळे जुळवतोय, उजवा हात बघत नाही तरी बरोबर त्या खणात जातो, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये ओळ उलटी तयार होते. एक फर्मा छापून झाला की खिळे सोडायचे आणि त्याच खिळ्यांनी पुढचा फर्मा जुळवायचा. म्हणजे मागं जाऊन दुरुस्ती नाही. जे काय बदलायचं ते गॅली प्रूफावरच.

आणि बदलायचं काय, हे काकाजी ठरवायचे. त्यांनी सगळं हस्तलिखित आधी घरी नेऊन वाचलेलं असायचं. साहित्याच्या आवडीनं नव्हे. त्यांना कादंबरीपेक्षा लग्नपत्रिका छापणं बरं वाटे. पण खाली नाव आपलं जाणार म्हटल्यावर शब्दन् शब्द डोळ्याखालून घालायचे. पेन्सिल कानाला. जिथं खटकलं तिथं समासात एक बारीक फुली.

माझ्या वऱ्हाडी कथांच्या त्या संग्रहात खारपाणपट्ट्यातल्या एका गावाची गोष्ट होती. विहिरीला खारं पाणी, गोड्या पाण्याची एकच विहीर, ती पाटलाच्या वावरात, आणि पाटील तिथं कोणाला घागर बुडवू द्यायची ते ठरवणार. गावाचं नाव मी अर्थातच बदललं होतं. पाटलाचंही. काकाजींनी त्या पानावर एक नाही, चार फुल्या मारल्या.

"हा पाटील कोनता व्हय, थे सारी भातकुली सांगीन," ते म्हणाले.

"काकाजी, नाव बदललं ना."

"नाव बदललं त काय झालं? मिशा त त्याच्याच हायेत ना!"

त्यांचा कायदा शिकलेला नव्हता, पण पक्का होता. बदनामीच्या कायद्यात नाव लिहिलं की नाही याला फार किंमत नाही. ओळखणाऱ्यांनी ओळखलं की पुरे. 'यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत' ही पाटी आपण हौसेनं लावतो, ती संकटात थोडा आडोसा देते, छप्पर नाही देत. खरं लिहिलं म्हणून सुटका होईल म्हणाल तर फौजदारी कायद्यात नुसतं खरं असून भागत नाही. ते सांगण्यात लोकांचं हित होतं हेही दाखवावं लागतं. काकाजींनी हे कलम वाचलेलं नव्हतं. त्यांनी पाटलाच्या मिशा काढायला लावल्या, घोडीची बैलजोडी केली, आणि एक थोरला मुलगा वकील होता तो कथेतून हद्दपार केला. शेवटचा बदल मात्र माझ्या डोक्यात आला नसता. "वकील पोरगा ठेवशीन त बाप नाई, पोरगा येईन नोटीस घेऊन."

पुस्तक आलं. पाटलांनी ते वाचलं की नाही ठाऊक नाही, पण पारावर भेटल्यावर एवढंच विचारलं, "काऊन रे बाबू, थे विहिरीचं कोनाचं लिवलं?" मी म्हटलं, दर्यापूरकडचं. ते हसले. तिथंच मिटलं. त्या काळात बदनामीचा दावा पारावर दाखल व्हायचा आणि पारावरच निकाली निघायचा.

काकाजींची भीती उगाच नव्हती. त्यांच्या पिढीनं काकोडकरांचा खटला पाहिला होता. चंद्रकांत काकोडकर म्हटलं की आताच्या पोरांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. पण आमच्या तरुणपणी वाचनालयातली सगळ्यात मळकी पुस्तकं त्यांची. दिवसाला काही पैसे भाडं, वर खाकी कव्हर, आणि कव्हरावर कोणीतरी मुद्दाम 'श्रीमद्भगवद्गीता' लिहिलेलं. बाया दुपारी वाचायच्या, बाप्ये रात्री, आणि एकमेकांना पत्ता नसायचा. तर या काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 1962 साली 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात आली. पुण्यात एकानं फिर्याद केली: अश्लील आहे. भारतीय दंडसंहितेचं कलम 292. लेखकाबरोबर अंक छापणारे, विकणारेही आरोपीच्या पिंजऱ्यात. खालच्या कोर्टानं सोडलं. वरच्या, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयानं लेखकाला दोषी धरून दंड केला. किती? पंचवीस रुपये. आणि त्यांच्याजवळचे अंक नष्ट करायचा हुकूम.

पंचवीस रुपये भरून माणूस मोकळा झाला असता. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्तींनी दिल्लीत बसून एका कवीच्या आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन बायांच्या या गोष्टीचा इंग्रजी तर्जुमा वाचला आणि 1969 साली निकाल दिला की कथेत साहित्यगुण फारसे नसतीलही, पण तरुण वाचकाची नीती बिघडावी असं तिच्यात काही नाही. शिक्षा रद्द. ज्या लेखकाला समीक्षकांनी कधी दाराशी उभं केलं नाही, त्याच्या दिवाळी अंकातल्या कथेवर देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकालपत्र लिहिलं. आजही वकील अश्लीलतेच्या खटल्यात ते काढून दाखवतात. मर्ढेकरांवरही त्यांच्या 'काही कविता'बद्दल खटला झाला होता आणि तेही सुटले, पण मर्ढेकर अभ्यासक्रमात गेले, काकोडकर खाकी कव्हरातच राहिले. मला हा न्याय काही पटलेला नाही.

पण काकाजींना साहित्याच्या न्यायाशी देणंघेणं नव्हतं. 'सुटले' हा शब्द त्यांच्या कानी पडतच नसे. सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या, एवढंच त्यांनी ध्यानात ठेवलं होतं.

हे सगळं गोड वाटतं, पण त्या काळाची दुसरी बाजूही आहे, आणि ती बिलकूल गोड नाही. काकाजी आम्हाला बदनामीपासून वाचवायचे. हक्कांच्या बाबतीत आम्ही उघडे होतो. आमच्यातल्या बहुतेकांनी जन्मात एकही करारनामा पाहिला नाही. दिवाळी अंकाला कथा पाठवायची, सोबत तिकीट लावलेलं पाकीट, नाहीतर 'साभार परत'सुद्धा यायचं नाही. छापली गेली तर पोस्टमन मनिऑर्डर घेऊन यायचा. कुपनावर एक ओळ: आपल्या कथेचे मानधन. तेवढाच काय तो कागद. ती कुपनं मी बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती, अजून आहेत. गंमत म्हणजे कायद्यानं त्या कुपनावरून प्रकाशकाला एकदा छापण्यापलीकडं काही मिळत नव्हतं. हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, देणाऱ्याच्या सहीनं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ते पहिल्यापासून आहे. मनिऑर्डरीवर सही घेणाऱ्याची असते, ती पैसे पोचल्याची. म्हणजे ज्या कथा आम्ही 'गेल्या' म्हणून सोडून दिल्या त्या आमच्याच होत्या. कोणी सांगितलं नाही.

पुस्तकाची गोष्ट याच्या उलट. तिथं कागद एकच असायचा, पण जालीम. रेव्हेन्यू तिकिटावर सही केलेली पावती: 'सदर पुस्तकाच्या सर्व हक्कांसह एकूण रुपये इतके रोख पोचले.' ही पावती म्हणजे चक्क हक्कांचं खरेदीखत. चारशे-पाचशे रुपयांत कादंबरी जायची, पुढच्या साऱ्या आवृत्त्यांसह. अमरावतीत राहून निव्वळ लेखणीवर संसार ओढणारे उद्धव शेळके आम्ही पाहिलेत. ज्याची 'धग' 1960 साली आली आणि वऱ्हाडी बोली कादंबरीभर कशी चालते हे साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं, त्या माणसालाही पोटासाठी एकामागून एक लोकप्रिय कादंबऱ्या लिहाव्या लागल्या. 'धग'सारखं पुस्तक लेखकाला वर्षानुवर्षं बसून खाऊ घालील अशी पद्धतच आपल्याकडं नव्हती. शेळके 1992 साली गेले. त्यांच्या पुस्तकांवरचा कॉपीराइट 2052 संपेपर्यंत आहे, तो ज्याच्याकडं असेल त्याच्याकडं.

मराठी पुस्तकांत आणखी एक चाल होती. लेखक पुरुष, आणि वर्तुळातल्या 'सी'पुढं नाव 'सौ. अमुक'. कोणी प्रेमानं घालायचं, कोणी इन्कमटॅक्सच्या हिशेबानं, कोणी दुसऱ्यानं घातलं म्हणून. पुस्तकावर नुसती ती ओळ छापून हक्क बायकोकडं जातो असं नव्हे, त्यालाही सहीचा कागद लागतो. आणि मुदत मोजतात ती लेखकाच्या मरणापासून, बाईंच्या नव्हे. पूर्वी मरणानंतर पन्नास वर्षं होती. रवींद्रनाथ 1941 साली गेले, त्यांची पन्नास वर्षं 1991 अखेर भरत आली, तेव्हा सरकारनं वर्ष संपता संपता वटहुकूम काढला आणि साऱ्या देशाची मुदत साठ वर्षं झाली. आमच्यातल्या एकानं तेव्हा हिशेब मांडला होता: टागोरांमुळं आपल्या नातवंडांना दहा वर्षं जास्तीची रॉयल्टी. रॉयल्टी कशाची, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

आता भातकुलीत बसून पुस्तक निघतं. अमरावतीला जायची गरज नाही. पोरं मोबाइलवर टाइप करतात, मांडणी कोणी नागपुरात करतं, छपाई कुठं होते ते विचारूच नका, आणि पुस्तक कुरिअरनं दारात. 1867 चा तो कायदाही गेला. 2023 साली नियतकालिकांसाठी नवा कायदा झाला, तो 2024 च्या मार्चपासून लागू आहे. वर्तमानपत्र, मासिक काढणाऱ्याला आता मॅजिस्ट्रेटपुढं उभं राहावं लागत नाही, सगळं ऑनलाइन. पुस्तकं तर त्या कायद्यातून वगळूनच टाकली. छापखानेवाल्याचं नाव घालायची सक्ती करणारं कलम दीडशे वर्षांनी निवृत्त झालं, आणि कोणी हारतुरे आणले नाहीत.

खालच्या ओळीतला माणूस गेला, तशी त्याची पेन्सिलही गेली. आज पुस्तक छापणाऱ्या किती जणांनी ते वाचलेलं असतं? पॅकेज असतात: इतक्या हजारांत पन्नास प्रती, आयएसबीएन, मुखपृष्ठ, वर प्रशस्तिपत्र. आयएसबीएनचा केवढा दरारा! पोरं सांगतात, "नंबर भेटला, आता कोनी चोरू शकत नाई." अरे बाबा, तो नंबर दुकानदाराच्या आणि ग्रंथपालाच्या सोयीसाठी. दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी तो फुकट देते आणि त्याचा मालकीशी संबंध नाही. मालकी लिहिल्याक्षणीच येते. नोंदणी हवीच असेल तर कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीला पाचशे रुपये फी आहे, महिनाभर हरकतीची वाट बघतात, मग प्रमाणपत्राकडं वाटचाल. तीही सक्तीची नाही. भांडण लागलं तर पुराव्याला बरी.

पण आता कागद मात्र भरपूर. आमच्याकडं पावती होती, यांच्याकडं बारा-बारा पानांचा करार. माझ्या एका मित्राच्या पुस्तकाच्या करारात मी हे वाक्य वाचलं: पुस्तकातील मजकुरामुळे उद्भवणाऱ्या कोणत्याही बदनामी, अश्लीलता, धार्मिक भावना अथवा स्वामित्वहक्कविषयक दाव्याची संपूर्ण कायदेशीर व आर्थिक जबाबदारी लेखकाची राहील आणि प्रकाशकास झालेला खर्च लेखक भरून देईल. मित्र म्हणाला, हे सगळ्यांच्याच करारात असतं. असेल. पण काकाजींचं नाव पुस्तकावर होतं म्हणून त्यांनी मिशा काढल्या. या गृहस्थांनी कलम घातलं, म्हणून त्यांना वाचायची गरज उरली नाही.

हा फरक नुसता कागदावरचा नाही. वसंत दत्तात्रय गुर्जरांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेची कहाणी घ्या. ती बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात 1994 साली छापली गेली. लातूरला गुन्हा दाखल झाला, अश्लीलतेचाच. प्रकरण वीस वर्षं फिरत फिरत सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथं 2015 च्या मे महिन्यात निकाल लागला: छापणाऱ्यानं आणि प्रसिद्ध करणाऱ्यानं पुढच्याच अंकात माफी मागितली होती, त्यांना सोडून द्या, कवीनं मात्र खटल्याला तोंड द्यावं. थोर ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अशी भाषा घालताना कवीचं स्वातंत्र्य कुठवर, याची चर्चा त्या निकालात पानोपानी आहे. मला त्यातली चर्चा पटत नाही, पण चित्र मात्र स्वच्छ दिसतं. काकोडकरांच्या वेळी पिंजऱ्यात गर्दी होती. गुर्जर एकटे उरले.

आनंद यादवांचंही असंच. 'संतसूर्य तुकाराम'वरून गदारोळ झाला, पुस्तक मागं घेतलं गेलं, 2009 च्या महाबळेश्वर संमेलनाचं अध्यक्षपद सोडावं लागलं. संतावर, शिवकालावर, कोणाच्याही पूर्वजावर कादंबरी लिहिणाऱ्या पोराला मी आजकाल एकच विचारतो: तुझा आधार कोणता, आणि तो तू कुठं लिहून ठेवलास? कल्पना कुठं सुरू झाली हे निदान तुला स्वतःला दाखवता आलं पाहिजे.

तसं पाहिलं तर मजकूर लोकांपुढं यावा की नाही, हा झगडा आमच्या जिल्ह्याला नवा नाही. रिद्धपूर इथंच, मोर्शी तालुक्यात. लीळाचरित्राची परंपरा तिथली. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले. अनुग्रहाशिवाय वाचता येऊ नये म्हणून. चांगलं सहाएकशे वर्षं टिकलेलं कुलूप आहे ते. आता फोनवरच्या पुस्तकांना जी कुलपं घालतात ती सहा दिवसांत फुटतात. विसाव्या शतकात लिप्या उलगडल्या, ग्रंथ छापले गेले, आणि वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळानं 1978 साली काढलं, तेव्हा पंथातून हरकत आली आणि मामला कोर्टकचेरीपर्यंत गेला. कोलते काही चोर नव्हते, पंथाचं दुखणंही खोटं नव्हतं. अशा भांडणात मला अजूनही एका बाजूला उभं राहता येत नाही.

चोरीचं मात्र निराळं. पूर्वी चोर दिसायचा. अमरावतीच्या एका कविसंमेलनात एकानं माझीच कविता माझ्यासमोर वाचली. त्याला वाटलं, भातकुलीवाला आज आला नसेल. टाळ्या पडल्या, त्याही चांगल्या. चहाच्या वेळी मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "भाऊ, तुमची व्हय का? मले वाटलं लोकगीत हाये." यापेक्षा मोठी दाद मला पुढं कधी मिळाली नाही. आता कविता व्हॉट्सअ‍ॅपवर निघते ती नाव गाळूनच निघते. संध्याकाळपर्यंत ती सुरेश भटांची झालेली असते. आमच्या अमरावतीचे भट! 'एल्गार' लिहिणाऱ्या माणसाच्या नावावर लोकांनी शुभ सकाळच्या चारोळ्या खपवल्यात. हयात असते तर त्यांनी कोर्टात जायची वाट पाहिली नसती, तिथंच चार शब्द सुनावले असते. लेखकाला आपलं नाव लावून घेण्याचा आणि आपल्या लेखनाची मोडतोड अडवण्याचा हक्क कायद्यानं आहे, कॉपीराइट विकून टाकला तरी तो उरतो. हिंदीतल्या मन्नू भंडारींनी 'आपका बंटी'वरच्या सिनेमाच्या वेळी तो दिल्लीच्या उच्च न्यायालयात बजावून घेतला. पण भंडारींना निर्माता ठाऊक होता. व्हॉट्सअ‍ॅपवर पहिल्यांदा नाव कोणी खोडलं ते कसं शोधणार?

यूट्यूबवर कोणी सबंध कथा वाचून टाकली असेल तर थोडा उपाय आहे. मूळ पुस्तकाचं पान, आपल्या हक्काचा पुरावा आणि त्या व्हिडिओचा पत्ता देऊन लेखी तक्रार करायची. नियमाप्रमाणं 36 तासांत ते बंद करायला हवं. पण एकवीस दिवसांत कोर्टाचा हुकूम आणला नाही तर पुन्हा चालू होऊ शकतं. कोर्ट म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. इथं एक गोष्ट लेखकांना ठाऊकच नसते: कॉपीराइटच्या भंगाचा दावा लेखक जिथं राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. चोर मुंबईचा असो की कानपूरचा, भातकुलीच्या माणसाला अमरावतीच्याच कोर्टात जाता येतं. करारात मात्र 'वाद पुण्याच्या न्यायालयात' असं लिहून तुम्ही सही केलीत, तर प्रकाशकाशी भांडायला पुण्याचं तिकीट काढावं लागेल. ते वाक्य करारात कायम शेवटून दुसऱ्या पानावर असतं, जिथवर वाचून डोळे थकलेले असतात.

आणि ज्याचा मालक सापडत नाही, किंवा सगळेच मालक असतात, त्याचं काय? कोजागरीच्या आधी भुलाबाईच्या गाण्यांच्या पातळ पुस्तिका विकायला यायच्या. आमच्या घरी अशी एक होती, तिच्या पाठीमागं ठळक अक्षरात 'सर्व हक्क प्रकाशकाच्या स्वाधीन'. आई हसायची. "भुलाबाई बी इकत घेतली का याईनं?" परंपरेनं आलेल्या गाण्यावर कोणाचाच हक्क नसतो, जमवणाऱ्याचा हक्क त्याच्या निवडीवर, मांडणीवर, लिहिलेल्या टिपांवर. तुकडोजी महाराजांच्या भजनांचं मात्र तसं नाही, आणि हे सांगितलं की खंजिरी भजनी मंडळातली माणसं माझ्याकडं चमकून पाहतात. महाराज 1968 साली गेले. म्हणजे 1955 साली आलेल्या ग्रामगीतेवरचा कॉपीराइट 2028 अखेरपर्यंत. 1 जानेवारी 2029 ला ती सगळ्यांची. आजवर गावोगाव भजनांच्या पुस्तिका कोणाला न विचारता छापल्या गेल्या, वाटल्या गेल्या, आणि महाराजांनी ते ऐकलं असतं तर बहुधा आणखी छापा म्हणाले असते. कायदा मात्र साने गुरुजींच्या बाबतीत जसा चालला तसाच इथंही चालणार: गुरुजी 1950 ला गेले, 2011 उजाडलं आणि 'श्यामची आई' छापायला सारेच मोकळे झाले.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावची एक पोरगी माझ्याकडं आली. तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या तिनं जमवल्या होत्या, त्यातल्या काही आजीच्या स्वतःच्या रचलेल्या, काही पिढीजात, आणि त्याखाली तिनं लिहिलेले प्रसंग. सोबत प्रकाशकानं पाठवलेला करार. आजीच्या ओव्यांवर आजीचा हक्क, म्हणून आधी आजीची सही घे, नाहीतर अंगठा, आणि तिचं नाव पुस्तकावर घाल, एवढं मी सांगितलं. मग आम्ही करार वाचायला बसलो. 'भविष्यात अस्तित्वात येणारी सर्व माध्यमे' असं त्यात एक कलम होतं. 2012 च्या दुरुस्तीनंतर असा ढोबळ शब्द पुरत नाही. आज नसलेल्या माध्यमाचा हक्क त्याचा नेमका उल्लेख करूनच घ्यावा लागतो. तिनं ते खोडलं. मुदतीची जागा कोरी होती. कायदा म्हणतो, मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरायची. मी म्हटलं, पाच वर्षं बरी आहेत, तेवढी लिहून टाक.

तिनं तिथंच फोन लावला. प्रकाशक पलीकडून काही तरी समजावत होता, ही 'हाव, हाव' करत ऐकत होती. आमच्यातल्या एकानं तरी प्रकाशकाशी असा आवाज काढला असता का, हे मी मनात धुंडाळत होतो. एकदम ती म्हणाली, "पाच वर्सं लय झाले, सर. तीन लिवा. आन् आजीच्या फोटोचे पैसे अलग."